रेसिंग सूटमध्ये बदल करताय? तपासणीत नापास करणाऱ्या या चुका टाळा

मोटरसायकल शर्यतीआधीच्या तांत्रिक तपासणीत तपासनिसाने माझा चामडी सूट टेबलावर पसरला आणि कोपराजवळची शिवण दोन्ही अंगठ्यांत धरून ताणली. टर्रकन आवाज आला. आदल्या रात्री मी मोठ्या हौसेने शिवलेलं ठिगळ कडेने सुटून आलं होतं. धागा शाबूत होता, फाटलं होतं ते चामडं. घट्ट बसावं म्हणून मी टाके इतके जवळजवळ घातले होते की टपाल तिकिटाच्या कडेसारखी भोकांची ओळच तयार झाली होती.

कापडात सुई धाग्यांमधून वाट काढते. चामड्यात ती भोक पाडते आणि ते भोक पुन्हा बुजत नाही. म्हणून टाका साधारण ३ ते ४ मिलिमीटरचा ठेवा, त्याहून बारीक नको. जुनी शिवण उसवून पुन्हा घालायची असेल तर जुन्याच भोकांतून घाला. मशीनला हे नेमकं जमत नाही, त्यामुळे तेवढी जागा हाताने, दोन बोथट सुयांनी शिवावी लागते. चामड्याच्या टोकदार सुईचं टोक पात्यासारखं असतं, ती जुनं भोक आणखी चिरते. धागा बॉन्डेड (पीळ सुटू नये म्हणून लेप दिलेल्या) नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा घ्या. सुती धागा घामाने कुजतो. खांदा, कोपर, कंबर आणि गुडघा या जागी एकच टीप पुरत नाही. डांबरावर घसरताना वरची टीप झिजून जाते आणि मग आतली झाकलेली टीपच सूट धरून ठेवते.

सूट घट्ट झाला म्हणून भलतीकडे कापणं

वाढीव किंवा ताणणारी पट्टी घालायची तर मांडीच्या आतल्या बाजूला, काखेखाली किंवा गुडघ्याच्या मागे. नितंबाच्या किंवा दंडाच्या बाहेरच्या बाजूला ती दिसली तर तपासनीस पुढे बोलणारही नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण पडल्यावर पहिला मार तिथेच बसतो. माप मात्र उभं राहून घेऊ नका. रेसिंग सूट वाकलेल्या बैठकीसाठी बेतलेला असतो, उभं राहिलं की तो ओढतोच. गाडीवर बसा, मग ठरवा.

उलट बाजूही बघा, सूट सैल तर नाही ना. कोपराचा पॅड बाहेरून मुठीत धरून पिळा. तो सांध्यावरून सरकून बाजूला गेला तर पडताना तो तुमच्या कामाचा नाही. अशा वेळी पॅडचा खिसा हलवून घ्या किंवा बाही आत घ्या.

पॅड आहे, पण खूण नाही

पॅडवर ईएन १६२१-१ ही युरोपीय मानकाची खूण आणि लेव्हल छापलेली असते. ठरावीक आघाताच्या चाचणीत लेव्हल १ चा पॅड सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बल पलीकडे जाऊ देतो, लेव्हल २ चा २० पर्यंत. पाठीच्या पॅडसाठी ईएन १६२१-२ आहे आणि तिथे हेच आकडे १८ आणि ९ असे आहेत. खिशात नीट बसावा म्हणून पॅडच्या कडा कातरणं ही फार सर्रास दिसणारी चूक. चाचणी अख्ख्या पॅडची झालेली असते, तुम्ही उरवलेल्या तुकड्याची नाही. सूटच्या आतलं ईएन १७०९२ चं (अख्ख्या कपड्याच्या मानकाचं) लेबल टोचतं म्हणून कापून टाकणारेही बरेच भेटतात. काही ठिकाणी तपासणी त्या लेबलापासूनच सुरू होते.

एअरबॅगच्या जागेवर सुई

नावाची पट्टी छातीवर शिवताना आतल्या एअरबॅगच्या, म्हणजे पडताना फुगून अंग वाचवणाऱ्या पिशवीला टाका लागला तर ती पिशवी संपली. एअरबॅग असलेल्या सूटवर घरी काहीच शिवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एअरबॅगचा जॅकेटवजा बनियन आत घालणार असाल तर फुगल्यावर त्याला जागा लागते. ती सूटमध्ये नसेल तर दाब बरगड्यांवर येतो.

इस्त्रीने चिकटवायचे लोगो विसरा, उष्णतेने चामडं आक्रसतं आणि कडक होतं. स्लायडरखालचा (वळणावर रस्त्याला घासणाऱ्या गुडघ्यावरच्या तुकड्याखालचा) वेल्क्रो नुसता चिकटवू नका, चारही कडांनी शिवा. सूट दोन तुकड्यांचा असेल तर कमरेभोवती पूर्ण फिरणारी चेन लागेल, मागची वीतभर चेन बऱ्याच आयोजकांना चालत नाही. दोन कंपन्यांच्या चेनचे दात सहसा जुळत नाहीत, तेव्हा दोन्ही बाजू एकदमच बदला.

हे सगळं कात्री उचलण्याआधीचं. प्रत्येक आयोजकाचे नियम थोडे वेगळे असतात. कुठे काय बदलणार आहात त्या जागेचा फोटो काढून त्यांच्या तांत्रिक प्रमुखाला आधीच विचारून घ्या.

आणि ऐन तपासणीच्या वेळी अडकलात तर? चेनचा निसटलेला खटका, सुटलेला वेल्क्रो, जागेवरून हललेला पॅड हे तिथल्या तिथे नीट होतं. कोपराची किंवा नितंबाची उसवलेली शिवण होत नाही. तिच्यावर चिकटपट्टी लावून पुन्हा रांगेत उभं राहू नका, कुणाचा तरी मापाचा सूट मागून घ्या.