आधी स्वतःशी नीट बोला, मग टीमशी

विसर्जन मिरवणुकीच्या परवानगीचा अर्ज एक दिवस उशिरा गेला. मंडळाचा अध्यक्ष २० वर्षांचा. रात्री तो स्वतःला म्हणतो, "एवढं साधं काम जमत नाही, कशाला झालास अध्यक्ष?" दुसऱ्या दिवशी लेझीमच्या सरावाला एक पोरगा उशिरा येतो आणि अध्यक्ष सगळ्यांसमोर ओरडतो, "काय बे, एवढं पण जमत नाही का तुला?" वाक्य तेच, फक्त ऐकणारा बदलला.

सोलापुरात गणेशोत्सव, नवरात्र, शिवजयंती, आंबेडकर जयंतीची मंडळं, एनएसएसची पथकं, गॅदरिंगच्या समित्या यांचं बरंचसं काम पोरंपोरीच ओढतात. सगळ्यांना सांभाळून घ्या, हा उपदेश त्यांना भरपूर मिळतो. चूक झाल्यावर स्वतःशी कसं बोलायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही. ते जमल्याशिवाय दुसऱ्याला समजून घेणं ताणाच्या दिवसांत टिकत नाही, असं आमचं ठाम मत आहे. त्यासाठीच हा सराव.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये आत्मकरुणेचे तीन भाग मांडले. स्वतःला झोडपण्याऐवजी मायेने वागवणं, चूक आणि दुःख सगळ्यांच्याच वाट्याला येतं हे लक्षात ठेवणं, आणि मनात जे चाललंय ते न दडपता, न फुगवता पाहणं. खालची प्रत्येक कृती यातल्या कुठल्या ना कुठल्या भागावर उभी आहे.

पहिला आठवडा: फक्त नोंद

१०० पानी साधी वही घ्या. रोज झोपताना पाच मिनिटं, तीन रकाने: आज काय बिघडलं, मी स्वतःला काय म्हणालो, त्यानंतर जो पहिला माणूस भेटला त्याला काय म्हणालो. शब्द जसेच्या तसे लिहा, शिवीसकट. या आठवड्यात काहीही सुधारायचं नाही. पहिल्याच दिवसापासून चांगलं बोलायला गेलं, की खरी वाक्यं वहीत उतरतच नाहीत आणि सराव खोट्यावर उभा राहतो. चार-पाच नोंदी झाल्या की दुसरा आणि तिसरा रकाना एकमेकांशी ताडून पाहा.

दुसऱ्या आठवड्यापासून: चूक झाली त्याच क्षणी

याला तीन मिनिटं पुरतात. गर्दीतून चार पावलं बाजूला व्हा. दोन्ही तळपाय जमिनीवर टेकवा. श्वास घेताना मनात चारपर्यंत मोजा, सोडताना सहापर्यंत. असं सहा वेळा. छातीवर हात ठेवला तर चांगलंच, पण पोरांसमोर संकोच वाटत असेल तर एका हाताने दुसरं मनगट धरा, तेवढंही चालतं.

मग तीन वाक्यं, याच क्रमाने. पहिलं: आत्ता मला नेमकं काय वाटतंय. "टेन्शन आलंय" एवढ्यावर थांबू नका. लाज वाटतेय, भीती वाटतेय की राग आलाय, ते स्पष्ट म्हणा. दुसरं: "काम अंगावर घेणाऱ्या कुणाकडूनही हे होऊ शकतं." तिसरं: "माझ्या जिवलग मित्राकडून हेच झालं असतं, तर मी त्याला काय म्हणालो असतो आणि पुढच्या तासात काय करायला सांगितलं असतं?"

हुशार कार्यकर्ते नेमके पहिली दोन वाक्यं गाळतात आणि थेट उपायावर उडी मारतात. काम होऊन जातं, पण लाज तशीच आत राहते आणि समोर येणाऱ्या पहिल्या पोरावर निघते. पॉल गिल्बर्ट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांची मांडणी इथे उपयोगी पडते. स्वतःला कठोर बोललं की मनातली धोक्याची यंत्रणा जागी होते, जशी बाहेरच्या कुणी हल्ला केल्यावर होते. त्या अवस्थेत माणूस भांडतो, पळतो किंवा गोठतो. बैठक घेण्याची ती वेळ नव्हे.

ही वाक्यं घरच्या भाषेत म्हणा. सोलापुरात कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या दखनी. ज्या भाषेत लहानपणी तुम्हाला कुणी जवळ घेतलं, त्या भाषेतला धीर लवकर आत पोहोचतो. पुस्तकी मराठीत पाठ केलेलं वाक्य ऐन वेळी आठवतच नाही.

आठवड्यातून एकदा: पत्र

रविवारी १५ मिनिटं. स्वतःला "तू" म्हणून, मित्राला लिहावं तसं पत्र. लिहून झालं की दोन गोष्टी शोधा: चूक मान्य करणारं एक सरळ वाक्य आणि पुढचं एक ठरलेलं काम, तारखेसह. दोन्ही नसतील तर ते पत्र म्हणजे सबब आहे, पुन्हा लिहा.

मोठी माणसं इथे शंका काढतात की असे लाड केले तर पोरं सुस्तावतील. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात विद्यार्थ्यांना आधी अवघड चाचणी दिली. अपयशानंतर ज्यांना स्वतःला समजून घ्यायला सांगितलं, त्यांनी पुढच्या चाचणीचा अभ्यास इतरांपेक्षा जास्त वेळ केला. चुकीकडे बघायची भीती कमी झाली, की माणूस तिच्यावर काम करू लागतो.

टीमसोबत

तीन-चार आठवडे हे झाल्यावरच पुढची पायरी. आठ-दहा जण गोल बसा, वेळ २० मिनिटं, उभ्याने नको. सुरुवात प्रमुखाने करायची: स्वतःची एक चूक, एका वाक्यात, स्पष्टीकरणाशिवाय. "अर्ज मी उशिरा दिला, उद्या पोलीस ठाण्यात मी स्वतः जातोय." याहून जास्त बोलू नका. लांबलचक कबुली दिली की सगळे तुमचीच समजूत काढत बसतात आणि बैठक तुमच्याभोवती फिरते.

मग ज्याचं काम अडलंय त्याला तीनच प्रश्न: काय झालं? कुठे अडकलास? काय लागेल? घटनेबद्दल बोला, स्वभावाबद्दल नको. "पावतीपुस्तक सापडत नाहीये" चालेल. "तू बेजबाबदारच आहेस" चालणार नाही. पैशाचा हिशेब मात्र त्याच बैठकीत कागदावर यायलाच हवा. वर्गणीचे ५०० रुपये कमी भरत असतील, तर ते कोण, कधी आणि कसे भरणार हे ठरवूनच उठा. हिशेब सोडून देण्यात माया नाही; त्याने बाकीच्यांवर अन्याय होतो.

हमखास अडचणी

आपल्या शहराला त्यागाचा वारसा आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा, किंवा चीनमध्ये रुग्णसेवा करता करता १९४२ मध्ये गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस, यांची नावं ऐकतच इथली पोरं मोठी होतात. त्या आदराचा चुकीचा अर्थ काढून कार्यकर्ते दहा दिवस झोप आणि जेवण सोडतात. त्या माणसांनी ज्यासाठी जीव दिला आणि मंडप उभारायला जागरण करणं, यांत फार अंतर आहे. उपाशी आणि झोप न झालेल्या माणसाला वरची कुठलीच कृती जमत नाही. कामाच्या पाळ्या लावा, त्यात प्रमुखाचीही सुटी लिहा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना बैठक संध्याकाळी सातनंतरच ठेवा.

मुलींच्या बाबतीत वेगळा धोका दिसतो. टीमप्रमुख मुलीकडून सगळ्यांचं मन सांभाळायची अपेक्षा आधीपासूनच असते. तिच्यासाठी स्वतःशी माया म्हणजे अनेकदा "हे काम माझं नाही, तू कर" असं शांतपणे सांगणं. हे वाक्य तिने आधी मोठ्याने म्हणून सराव करावा.

काहींना स्वतःशी प्रेमाने बोलायला लागल्यावर उलट रडू येतं, जुनं काहीतरी वर येतं. ते बिघडल्याचं लक्षण नाही. पत्र तिथेच थांबवा, पाणी प्या, दहा मिनिटं चाला, पुढच्या वेळी फक्त श्वासाचा भाग करा. पण झोप उडाली असेल किंवा जगू नये असं वाटत असेल, तर सराव पुरेसा नाही. १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) मोफत क्रमांकावर दिवसरात्र कधीही फोन करता येतो. मित्राने शेजारी बसून लावून दिला तर आणखी बरं.

दोन महिन्यांनी वहीत चौथा रकाना वाढवा: चूक झाल्यापासून ती मला कळेपर्यंत किती वेळ गेला आणि कुणी सांगितली. तिसऱ्याच माणसाकडून, चार दिवसांनी कळत असेल, तर टीम अजून तुम्हाला घाबरते. नोंदीच्या आठवड्यापासून पुन्हा सुरू करा. ज्याच्याकडून चूक झाली तोच त्या संध्याकाळी येऊन सांगत असेल, तर पुढच्या बैठकीची सुरुवात त्याला करू द्या.