अमेरिकेत फ्रॅटर्निटीत जायचंय? आधी हे बघून घ्या

एमएसला निघाला असाल तर हा लेख सोडून द्या. फ्रॅटर्निटी म्हणजे कॉलेजातल्या मुलांची, सभासद निवडून घेणारी संघटना, आणि हा बॅचलर्सच्या मुलांचा कारभार. पण बारावीनंतर थेट अमेरिकेला गेलेली किंवा तिथेच वाढलेली मराठी मुलं आहेत, आणि कॉलेज सुरू होऊन दोन-तीन आठवडे होतात न होतात तोच त्यांच्यापुढे हा प्रश्न येतो.

१. संस्था कोणत्या प्रकारची ते ओळखा

ग्रीक अक्षरांचं नाव आहे म्हणून सगळ्या सारख्या नसतात. १७७६ साली विल्यम अँड मेरी कॉलेजात निघालेली फाय बीटा कॅपा आज अभ्यासातल्या गुणवत्तेवर सभासद निवडते. घर, जेवणं, पार्ट्या आणि माजी सभासदांच्या ओळखी ज्यांच्याकडे मिळतात त्या सोशल फ्रॅटर्निट्या. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची अल्फा फाय अल्फा १९०६ मध्ये कॉर्नेलला सुरू झाली. आयोटा नू डेल्टा (बिंगहॅम्टन, १९९४) आणि डेल्टा एप्सिलॉन साय (टेक्सस-ऑस्टिन, १९९८) यांची सुरुवात दक्षिण आशियाई मुलांची. तिथे गणपती बसतीलच असं नाही, पण मोदक म्हणजे काय हे समजावत बसावं लागणार नाही.

२. रशमध्ये भरपूर घरं फिरा

सभासद भरतीला ‘रश’ म्हणतात. बहुतेक ठिकाणी ती सत्राच्या सुरुवातीला असते. काही विद्यापीठं पहिल्या सत्रात नव्या मुलांना घेऊच देत नाहीत. अंगणात बर्गर भाजत असतात, छातीवर नावाचं स्टिकर, आणि जो भेटेल तो विचारतो: कुठला, मेजर (मुख्य विषय) काय, डॉर्म (हॉस्टेल) कुठलं? त्या दिवशी सगळेच गोड बोलतात. म्हणून ओळख काढून एखाद्या साध्या मंगळवारी पुन्हा जा. सिंकमधली भांडी बघा, परीक्षेच्या आठवड्यात अभ्यास कुठे करता ते विचारा. किमान जीपीएची (सरासरी गुणांची) अटही तेव्हाच कळेल.

३. पैशाचं लेखी घ्या

सत्राची वर्गणी, एकदाच भरायची प्रवेश फी, विमा, टी-शर्ट, फॉर्मलचा (नटूनथटून जायच्या पार्टीचा) खर्च: हे सगळं धरून आकडा काही शे डॉलरपासून काही हजारांपर्यंत जातो. घरात राहिलात तर भाडं-जेवण वेगळं. पहिल्या सत्राचे नवे सभासद म्हणून पडणारे जादा पैसे बोलण्यात हमखास राहून जातात.

४. प्लेज म्हणून काय करून घेतात, हे थेट विचारा

आमंत्रणाला ‘बिड’ म्हणतात. ते स्वीकारल्यापासून विधिवत सभासद होईपर्यंतचे काही आठवडे तुम्ही ‘प्लेज’. सगळी मेख इथेच आहे. संस्थेचा इतिहास पाठ करणं, समाजसेवा, बैठका इथवर ठीक. रात्री-अपरात्री बोलावणं, फोन काढून घेणं, बाटली संपवायला लावणं हे हेझिंग, म्हणजे आपलं रॅगिंगच. फरक एवढाच की इथे मुलगा स्वतःच्या पायाने गेलेला असतो, पण अनेक राज्यांत ‘त्याची संमती होती’ हा बचाव कायद्याने चालत नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या बीटा थीटा पाय फ्रॅटर्निटीत बिड स्वीकारण्याच्या रात्री १९ वर्षांच्या मुलाला भरमसाठ दारू पाजली गेली. तो जिन्यावरून पडला आणि मदतीचा फोन लागला थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यात त्याचा जीव गेला. त्यानंतर पेनसिल्व्हेनियाने कायदा कडक केला. डिसेंबर २०२४ च्या केंद्रीय कायद्याने तर दोषी ठरलेल्या संघटनांचा अहवाल विद्यापीठांना जाहीर करावा लागतो. तो विद्यापीठाच्या वेबसाइटवर शोधा आणि तुम्ही जाणार त्या फ्रॅटर्निटीच्या तिथल्या शाखेचं नाव त्यात आहे का बघा. रशच्या दिवशीचं कौतुक ऐकण्यापेक्षा ही दहा मिनिटं जास्त उपयोगी.

स्टुडंट व्हिसावर असाल तर आणखी एक. तिथे दारूचं कायदेशीर वय २१ आहे, आणि पोलिसांची भानगड झाली तर ती व्हिसापर्यंत पोचू शकते. असं काही झालंच तर वकिलाला आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लगेच गाठा.

५. बिडवर लगेच सही करू नका

घरी बोला, एक रात्र जाऊ द्या. उत्तर द्यायची मुदत किती ते आधीच विचारून ठेवा. विधी होण्याआधी कधीही बाहेर पडता येतं. भरलेल्या पैशांतले किती परत मिळतात हे मात्र पैशाचं लेखी घेतलेल्या कागदावर बघा. विधी झाल्यावर सोडलंत, तर दुसरी सोशल फ्रॅटर्निटी सहसा घेत नाही.