कोकणातल्या घरात बांबूची जमीन : या चुका टाळा

"बांबू म्हणजे गवत. पऱ्ह्याकाठी वाढतो तो, त्याला पावसाचं काय?" दुकानदार असं म्हणतो आणि आपण मान डोलावतो. पहिली चूक इथेच होते. जिवंत बांबू ओलीत वाढतो हे खरं, पण दुकानातली पट्टी म्हणजे चिरफळ्या उकळून, भट्टीत वाळवून, डिंक घालून दाबलेला माल. कारखान्यातून निघताना तिच्यात साधारण ६ ते ९ टक्के ओलावा असतो. ८५ टक्के दमट हवेत लाकूड हळूहळू १७-१८ टक्क्यांकडे सरकतं, आणि बांबूही त्याच वाटेने जातो. पापड सादळतो तशी पट्टी सादळते. फरक एवढाच, की पापड मऊ पडतो आणि पट्टी रुंद होते.

हे मी माझ्याच माडीवर शिकलो. रत्नागिरीजवळच्या घरात जानेवारीत बांबूच्या पट्ट्या बसवून घेतल्या. जूनमध्ये घर बंद केलं आणि गणपतीच्या आधी साफसफाईला गेलो, तर माडीचं दार उघडेना. खांदा लावून आत शिरलो. खोलीच्या मधोमध जमीन चार बोटं वर उठलेली, तंबूसारखी. पाय दिला की खाली पोकळ आवाज. स्कर्टिंग उचकटलं तेव्हा कारण दिसलं. पट्ट्यांची कड चिऱ्याच्या भिंतीला इतकी भिडली होती की मध्ये पोस्टकार्डसुद्धा जाईना. "फट घाण दिसते" म्हणून सुताराने जागाच सोडली नव्हती, आणि मी चहा पीत ते बघत बसलो होतो.

हिशेब सोपा आहे. १२ फूट रुंद खोलीत जमीन नुसती अर्धा टक्का फुगली तरी १८ मिलिमीटर जागा मागते. म्हणून चारही भिंतींपाशी १२ मिलिमीटरची फट हवी. दाराच्या चौकटीखाली, खांबाभोवती, ओट्याच्या पायाशीही हवी. स्कर्टिंग भिंतीला ठोका, पट्टीला नाही. फटीत पुट्टी किंवा सिमेंट भरलं तर फट सोडण्याचा काही उपयोग नाही. हॉलमधून बेडरूमपर्यंत एकसलग जमीन दिसायला छान, पण दारात जोडपट्टी टाकून ती तोडलेली बरी. आणि भरलेलं गोदरेजचं कपाट तरंगत्या, म्हणजे खाली न ठोकता न चिकटवता नुसत्या टाकलेल्या, जमिनीच्या एका कडेला ठेवलं, तर ती कड खिळ्याने ठोकल्यासारखी अडकते.

उठलेली जमीन लगेच उखडून फेकायची गरज नसते. मी कडेने १२ मिलिमीटर रुंदीचा भाग कटरने कापून काढला, वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि खिडक्या उघड्या टाकल्या. दिवाळीपर्यंत बहुतेक जमीन खाली बसली. दोनच पट्ट्यांचे खाचे तुटले होते, त्या बदलल्या.

पट्ट्यांच्या कडा वर आणि मध्य खोलगट, ताटलीसारखा, असं दिसलं तर ओल खालून येते आहे असं धरून चाला. इथे बरेच जण श्रावणातच पॉलिशवाल्याला बोलावून वर आलेल्या कडा घासून सपाट करून घेतात. हे अजिबात करू नका. मार्गशीर्षात पट्टी सुकून मूळ आकारावर येते, तेव्हा घासलेल्या कडा खाली जातात आणि मध्य उंचवट्यासारखा वर राहतो. मग ना पैसे परत, ना लाकूड. आधी ओलीचं मूळ शोधा, एक कोरडा हंगाम जाऊ द्या, आणि त्यानंतरही वाकडेपणा उरला तरच घासा.

खालून ओल येते का, हे पाहण्यासाठी दीड फूट बाय दीड फूट प्लॅस्टिकचा जाड कागद कोब्यावर चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी उघडा. आत दव जमलं असेल किंवा कोबा काळवंडला असेल, तर तिथे बांबू नको. लोक ही परीक्षा मे महिन्यात घेतात आणि पास होतात! परीक्षा ऑगस्टमध्ये घ्या. जांभ्याचं जोतं पावसात पाणी वर ओढतं. जुन्या घरात जोत्याला ओलप्रतिबंधक थर नसेल, तर तळमजल्याला फरशीच ठेवा आणि बांबूची हौस माडीवर भागवा. नवा स्लॅब असेल तर २८ दिवस पाणी मारून झालं म्हणजे तो वाळला असं नाही. सिमेंट घट्ट होणं वेगळं आणि आतलं पाणी उडून जाणं वेगळं.

माल घेताना 'स्ट्रँड वोव्हन', म्हणजे बांबूचे तंतू डिंकात दाबून केलेला, बघा. तो सगळ्यात टणक. मात्र तो ओल सावकाश घेतो आणि सावकाश सोडतो, म्हणून त्याला घराच्या हवेत मुरायला तीन दिवस पुरत नाहीत. खोकी उघडून, पट्ट्या त्याच खोलीत आडव्या रचून किमान दोन आठवडे ठेवा. गडद तपकिरी 'कार्बोनाइज्ड' माल वाफेवर शिजवून रंग आणलेला असतो आणि नैसर्गिक रंगाच्या पट्टीपेक्षा मऊ पडतो. खुर्च्या ओढल्या जाणार असतील तिथे तो टाळा. डिंकाबद्दल ई-झिरो किंवा ई-वन असा शिक्का विचारा, कारण उष्ण, दमट, बंद घरात डिंकातला फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू जास्त सुटतो आणि हा शिक्का तो कमी सोडणाऱ्या मालावर असतो. आपला कोकणातला माणगा बांबू भरीव आणि चिवट, फर्निचरला उत्तम. पण कोणी गावातच चिरलेल्या पट्ट्या देत असेल, तर कीड लागू नये म्हणून बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया केली आहे का ते आधी विचारा. नाहीतर वर्षभरात पट्टीखाली पिठासारखा भुसा दिसेल.

बसवायला दिवाळीनंतरचे महिने बरे. भर पावसात बसवलेली जमीन हिवाळ्यात आकसून फटी दाखवते.

यानंतर प्रश्न बादलीचा. आपल्याकडे लादी रोज ओल्या फडक्याने, फिनाइल टाकून पुसायची सवय आहे. कामाला येणाऱ्या मावशींना पहिल्या दिवशीच सांगा, फडकं इतकं पिळा की थेंब पडणार नाही. पाणी सांध्यांतून उतरतं आणि आधी कडा काळ्या पडतात.

पावसात घर बंद राहणार असेल तर शेजाऱ्यांकडे किल्ली द्या. उघडीप मिळाली की खिडक्या उघडून पंखा लावायला सांगा. आणि उरलेल्या पट्ट्यांचं एक खोकं पोटमाळ्यावर टाकू नका. त्याच खोलीत पलंगाखाली सपाट ठेवा, म्हणजे बदलायची वेळ येईल तेव्हा ती पट्टी बाकीच्या जमिनीएवढीच फुगलेली असेल.