महिनाअखेरची ओढाताण: आधी तारखा लावा, मग काटकसर

पैशाची चिंता म्हटलं की पहिली कुऱ्हाड चहा-वडापाववर पडते. तिथून थोडंफार सुटतं, नाही असं नाही. पण पगारदार घराचं गणित बिघडतं ते जूनमधली फी, गणपती, दिवाळी आणि विम्याचा हप्ता यांनी. हे खर्च दरवर्षी ठरल्या महिन्यातच येतात, तरी दरवेळी ‘अचानक’ आले म्हणून उसनवारी होते.

गेल्या वर्षभराचं बँक स्टेटमेंट घेऊन बसा आणि दरमहा न येणारे खर्च तेवढे वहीत उतरवा. समजा, फी, वह्या-पुस्तकं आणि गणवेश 18,000, दिवाळी 15,000, विमा 12,000, गणपती 6,000, मे महिन्यात गावी जाणं 5,000, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग 4,000. झाले 60,000, म्हणजे महिन्याला 5,000. पगाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एवढी रक्कम दुसऱ्या खात्यात आपोआप जाईल अशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन बँकेत देऊन ठेवा. ते खातं शून्य शिल्लक चालणारं असावं, नाहीतर मिनिमम बॅलन्सच्या दंडातच पैसे जाऊ शकतात. त्याला यूपीआय जोडू नका. मोबाईलवर दिसणारी शिल्लक खर्च होतेच.

पहिल्या वर्षी इथे एक गफलत होते. एप्रिलपासून सुरुवात केली तर जूनच्या सुरुवातीला फी भरताना तीन हप्ते मिळून 15,000 जमलेले असतात, त्यातले 5,000 मे महिन्यात गावी जाण्यात गेलेले असतात आणि फी 18,000! मग ‘हे काही आपल्याला जमत नाही’ म्हणून सगळंच सोडलं जातं. म्हणून पहिल्या वर्षी बाराने भागू नका. त्या खर्चाला जेवढे पगार उरलेत, तेवढ्याने भागा. तीन पगार उरले असतील तर नुसत्या फीलाच महिन्याला 6,000 लागतील. झेपत नसेल तर शाळेत हप्त्याने भरण्याची सोय आहे का ते मार्चमध्येच विचारा, जूनमध्ये नव्हे.

आता तारखा. पगार 1 तारखेला आणि कर्जाचा हप्ताही 1 किंवा 2 तारखेला असेल तर पगार एक दिवस लांबला तरी हप्ता बाऊन्स होतो. मग आपली बँक दंड लावते, कर्ज देणारा वेगळा लावतो, आणि हप्ता थकला तर क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडाही उतरू शकतो. हप्त्याची तारीख 5 ते 7 च्या दरम्यान करून मागा; अर्ज केल्यावर बऱ्याच ठिकाणी बदलून मिळते.

भाजी, दूध, पेट्रोल, किरकोळ असा वरखर्च आठवड्यावर चालवा. त्यासाठी 13,000 ठेवले असतील तर चारने भागून 3,250 धरण्याची चूक जवळपास सगळेच करतात. चार आठवडे म्हणजे 28 दिवस. 31 दिवसांच्या महिन्यात शेवटचे तीन दिवस कोरडे जातात आणि तिथेच कार्ड बाहेर निघतं. 31 ने भागून सातने गुणा: आठवड्याला साधारण 2,900. दर रविवारी तेवढेच यूपीआयच्या खात्यात टाका. मग चहाचा हिशेब वेगळा लिहिण्याची गरज उरत नाही, उरलेली शिल्लकच सांगते. स्टेटमेंट घेऊन बसाल त्याच बैठकीत यूपीआय ॲपमधलं ऑटोपे, म्हणजे आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची यादी, उघडून बघा. कधीकाळी चालू केलेली दोन-तीन सबस्क्रिप्शनं तिथे हमखास सापडतात. तिथूनच बंद करता येतात.

क्रेडिट कार्डावर ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कमच भरून निभावत असाल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते फेडा. 20,000 थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्के धरले तर 700 व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी 126. तुम्ही 1,000 भरले तर मुद्दल फक्त 174 ने उतरतं. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, म्हणून फेडून होईपर्यंत कार्ड कपाटात. सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण कर्ज काढून हे फेडणं बहुतेक वेळा बरंच स्वस्त पडतं, मात्र मुदत पाळण्याची खात्री हवी.

भिशी असेल तर आपला नंबर जूनमध्ये किंवा गणपतीच्या आधी लागेल असं सुरुवातीलाच बोलून घ्या. ओळखीतल्या भिशीत कुणी मध्येच थांबलं तर पैसे वसूल करणं अवघड जातं. बुडाले तरी घर हलणार नाही एवढेच गुंतवा.

प्रधानमंत्री विमा योजना घेतल्या असतील तर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्या जोडलेल्या खात्यात पाचशेच्या आसपास शिल्लक ठेवा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे 436 आणि सुरक्षा (अपघात) विम्याचे 20 रुपये तेव्हाच कापले जातात. दोन्हींचं संरक्षण प्रत्येकी 2 लाखांचं आणि वर्ष 1 जूनपासून. शिल्लक नसेल तर हप्ता कापला जात नाही आणि विमा तुटतो, बऱ्याचदा घरात कुणाच्या लक्षातही न येता.