होडीतून गळ टाकायला जाताय? शापोऱ्याच्या मुखावर आम्ही केलेल्या या चुका टाळा

गोव्यात म्हापशाहून मी पहाटे स्कूटरने शापोऱ्याच्या जेटीवर पोचतो, तेव्हा मित्र होडीला मशीन लावून बसलेला असतो. त्याच्या अठरा फुटी फायबर होडीतून आम्ही वर्षातून आठ-दहा वेळा गळ घेऊन बाहेर पडतो. इतक्या वर्षांत करता येण्यासारख्या बहुतेक चुका करून झाल्या आहेत. मासा न मिळणं ही चूक मी त्यात धरत नाही.

निघायची वेळ ठरवता, परतायची नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. शापोरा नदी समुद्राला मिळते तिथे एका अंगाला किल्ल्याचा डोंगर आहे, दुसऱ्या अंगाला मोरजीची वाळू, आणि पाण्याखाली वाळूचा दांडा. भरतीला होडी त्याच्यावरून अलगद जाते. ओहोटीला नदीचं पाणी बाहेर धावतं, समोरून लाट आत येते, उथळ दांड्यावर दोघांची गाठ पडते आणि लाट भिंतीसारखी उभी राहून फुटते. त्यात बाहेरून येताना आपल्याला लाटेची फक्त पाठ दिसते, फुटणारं तोंड दिसत नाही. म्हणून मुख आहे त्यापेक्षा शांत वाटतं.

वेळ काढायची जुनी रीत अजून चालते. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे 15, म्हणून साधारण सव्वाअकरा. अष्टमीला सहा. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे मुरगाव बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ताही बघून ठेवावा.

आम्ही एकदा दशमीला गेलो. साडेसातची भरती. सहाला निघालो तेव्हा मुख तळ्यासारखं होतं. मुडदुशी बऱ्या लागत होत्या, वर एक तांबोशी आली, मग कोण घड्याळ बघतो? बारा वाजता मुखाशी आलो तर ओहोटी जोरात आणि वायव्येचा खारा वारा सुटलेला. मी म्हटलं, सरळ घालूया. मित्र म्हणाला, "थांब रे, आधी सात लाटा मोज." मोजल्या. पाचवी आणि सहावी अख्ख्या मुखावर फुटली. मग तीन वाजेपर्यंत बाहेरच डोलत बसलो, पिण्याचं पाणी दोघांत एक बाटली. पाणी चढायला लागल्यावर आत आलो आणि होडीत थेंबही आला नाही. पौर्णिमेच्या दिवशी मात्र पहाटे चढत्या पाण्यावर निघून दहा-अकराला भरतीवरच परतता येतं. तेव्हापासून आम्ही सुट्टीचा वार बघून नव्हे, तिथी बघून रजा टाकतो. ऑफिसात कारण काय सांगायचं ते ज्याचं त्याने बघावं.

आत शिरताना मोठ्या लाटांची रांग जाऊ द्या, मग एका लाटेच्या पाठीवर राहून तिच्याच वेगाने या. तिला मागे टाकायला गेलात तर नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पुढच्या खळग्यात घुसते. आणि मध्येच विचार बदलून होडी आडवी करू नका.

सकाळचा मतलई वारा जमिनीकडून येतो, म्हणून किनाऱ्यालगत पाणी सपाट दिसतं. त्यावरून दिवसाचा अंदाज बांधू नका. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज आदल्या रात्री बघायला दोन मिनिटं लागतात. पावसाळ्याबद्दल वाद घालत नाही: 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, आणि हौसेसाठी ऑगस्टच्या पाण्यातही जाण्यात अर्थ नाही. नारळी पौर्णिमा झाली म्हणून समुद्र लगेच निवळत नाही.

मशीन रुसलं की आधी टाकी बघा

दोरी ओढून ओढून खांदा निघाला तरी सुरू होत नाही? मशीन बंद करायच्या स्विचची लाल क्लिप जागेवर आहे का बघा. हसू नका, आम्ही पंधरा मिनिटं घालवली आहेत. पेट्रोलचा भपकारा येत असेल तर जास्त चढलंय. चोक आत ढकला, थ्रॉटल उघडा आणि चारपाच वेळा ओढा.

सुरू होऊन चारपाच मिनिटांनी गुदमरून बंद पडतं, थोडं थांबलं की परत चालतं, परत पडतं, हा खास आजार. टाकीच्या झाकणावरची हवेची चावी बंद राहिलेली असते. पेट्रोल ओढलं जातं, पण त्याच्या जागी हवा शिरत नाही. पाइपमधला रबरी फुगा चपटा झालेला दिसेल. चावी सैल केली की टाकी सुस्कारा सोडते. याउलट, कितीही दाबला तरी फुगा कडकच होत नसेल तर पाइपच्या जोडात हवा घुसते आहे.

मशीनला थंड ठेवून मागून पडणारी पाण्याची धार थांबली तर त्याच क्षणी मशीन बंद करा. बहुतेक वेळा खाली पाणी ओढायच्या जागी प्लास्टिकची पिशवी चिकटलेली असते. मशीन वर उचला, ती काढा, मगच सुरू करा. घाई केली तर इंजिन जाम होतं आणि वल्ही उपयोगी पडतात. वल्ही आणली होती ना?

नांगर नेहमी नाळेला बांधावा, मागे कधीच नाही. मागे बांधला तर लाट मशीनवरून थेट आत येते. दोर खोलीच्या निदान चार-पाचपट सोडा. कमी सोडला तर नांगर वाळूत नुसता घसटत जातो आणि तुम्ही म्हणत बसता, जागा बदलल्यासारखी वाटते, मासा का लागत नाही. जागा धरायची तर किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत बघून ठेवा. आमची किल्ल्याच्या कोपऱ्याची आहे, दुसरी सांगणार नाही.

बोट लागते त्यांनी उपाशी येऊ नये आणि पुरीभाजी चापूनही येऊ नये. खाली वाकून तंगुसाची, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याची, गुंतवळ सोडवायला लागलात की संपलं. गुंतलेला तंगूस कापून टाका आणि क्षितिजाकडे बघा.

शिंगाळा गळाला आला तर हाताने काढू नका. त्याच्या पाठीवर आणि दोन्ही पंखांशी विषारी काटे असतात. लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात तासभर बुडवून ठेवायचा, कळ उतरते. काटा आत मोडला असेल तर डॉक्टर. बांगड्याला मात्र बर्फ लगेच हवा, जितके मासे तितका बर्फ. उन्हात पडलेल्या बांगड्यात हिस्टामीन तयार होतं आणि ते कालवण कितीही उकळलं तरी जात नाही.

लाइफ जॅकेट अंगावर, बाकाखाली नाही. तटरक्षक दलाचा 1554 फोनमध्ये, फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत.

घरी आल्यावर मशीनमधून गोडं पाणी फिरवायचं. त्याआधी जेटीवरच टाकीची हवेची चावी बंद करायची, म्हणजे स्कूटरवर पेट्रोल सांडत नाही. पुढच्या वेळी मशीन गुदमरतं ते याच चावीमुळे. आता मित्राने तिला लाल चिंधी बांधली आहे. चिंधी दिसली की चावी बंद आहे असं समजायचं. उघडली की चिंधी त्याच्या खिशात.