एसएलआरच्या गॅस सिस्टीममधला चिवट कार्बन कसा काढावा

चांदमारी, म्हणजे गोळीबाराचा सराव, संपली की एसएलआरच्या (सेल्फ लोडिंग रायफल, पुढची गोळी स्वतःच भरणारी रायफल) बॅरलमधून चार वेळा चिंधी ओढायची, वरून तेलाचा हात फिरवायचा आणि रायफल कोतात (शस्त्रागारात) जमा करायची, ही सवय सगळीकडे दिसते. बॅरल आरशासारखी चमकते, पण गॅस सिलिंडर आतून काळाच राहतो. राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १० इथे सोलापुरातच, सोरेगावला आहे. त्यामुळे आपल्याकडच्या घराघरांत वर्दीतली पोरं आहेत. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. ७.६२ मिमी एसएलआर प्रतिबंधित बोरची (नळीच्या मापाची) आहे, ती नेहमीच्या खासगी परवान्यावर मिळत नाही. ज्यांच्याकडे परवान्याची बारा बोरची बंदूक आहे, त्यांनाही भिजवण्या-खरवडण्याची पद्धत उपयोगी पडेल.

गोळी सुटते तेव्हा बॅरलमधला थोडा गॅस एका बारीक भोकातून वर सिलिंडरमध्ये जातो आणि पिस्टनला मागे ढकलतो. त्या धक्क्याने नळीचं मागचं तोंड बंद ठेवणारा बोल्ट उघडतो, गोळीचं रिकामं खोकं (पुंगळी) बाहेर पडतं. गॅससोबत बारुदाची काजळी, गोळीच्या आवरणातलं तांबं आणि प्रायमरमधलं (बारूद पेटवणाऱ्या टिकलीतलं) शिसंही वर जातं. उष्णतेने ते थरावर थर भाजत जातं. भाकरीच्या तव्याच्या कडेला वर्षानुवर्षं साचलेलं काळं जसं नुसत्या घासणीने निघत नाही, तसंच हे.

सुरुवात नेहमी रायफल रिकामी करण्यापासून. आधी मॅगझिन काढा, मगच कॉकिंग हँडल मागे ओढा. चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालूनही तपासा. गोळ्या त्या खोलीत नकोतच. खिडक्या उघड्या ठेवा आणि रबरी हातमोजे घाला, कारण या काजळीत शिसं असतं. जवळ चहाचा कपही ठेवू नका.

खोलण्याआधी गॅस रेग्युलेटर (पिस्टनला किती गॅस मिळेल ते ठरवणारी कडी) कोणत्या आकड्यावर आहे ते लिहून ठेवा. मग सिलिंडरच्या पुढच्या तोंडावरच्या गॅस प्लगचा (बुचाचा) प्लंजर, म्हणजे दाबायची खिटी, दाबून प्लग पाव फेरा फिरवा. आत स्प्रिंग दाबलेली असते, तेव्हा प्लगवर अंगठा ठेवा आणि तोंड बाजूला ठेवा. कार्बनने प्लग जाम झाला असेल तर हातोडी उचलू नका. कडेला तेलाचे दोन थेंब सोडा, वेळ द्या, मग पुन्हा प्रयत्न करा. प्लग, पिस्टन आणि स्प्रिंग निघतील त्याच क्रमाने फिक्या रंगाच्या कापडावर मांडा. इन्सास या दुसऱ्या रायफलमध्ये पिस्टन बोल्ट कॅरिअरलाच (बोल्ट धरणाऱ्या भागालाच) जोडलेला असतो, तिथे कॅरिअरसकट बाहेर काढावा लागतो.

आता भिजवणं. खरं काम इथेच होतं, आणि नेमकी इथेच घाई होते. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात कार्बन काढायचं द्रावण किंवा साधं रॉकेल घ्या. पिस्टनचं फक्त डोकं आणि गॅस प्लग त्यात बुडवून रात्रभर ठेवा. पेट्रोल अजिबात वापरू नका. सोलापुरात मार्चनंतर पारा चाळिशीकडे सरकतो. त्या उकाड्यात पेट्रोलची वाफ खोलीभर पसरते आणि एका ठिणगीने पेट घेते. संडास साफ करायचं अॅसिड किंवा व्हिनेगर यांनी कार्बनआधी धातूवरचा मुलामा जातो.

सकाळी पिस्टनचं डोकं उजेडात धरून बघा. थर मऊ झालेला असतो, कडेला बारीक भेगा पडलेल्या दिसतात. पितळी ब्रश किंवा जुना टूथब्रश गोल फिरवत चालवा. जिथे थर हटत नाही तिथे पितळेची चपटी पट्टी किंवा बांबूची कामटी आडवी धरून रेटा. पापुद्रे सुटतात. नाही सुटले तर जोर वाढवू नका, परत भिजवा. पॉलिश पेपर आणि लोखंडी पाना दूर ठेवा. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली फट मोजून-मापून ठेवलेली असते. पिस्टन घासून बारीक झाला की गॅस बाजूने निसटतो, आणि तो पिस्टन मग कितीही चकचकीत असला तरी कामाचा नाही. नखाला न लागणारा काळपट डाग राहिला तर राहू द्या.

सिलिंडरला आतून द्रावणात भिजवलेला ब्रश, मग कोरडी चिंधी. आपल्याकडे टॉवेलचे तुकडे फुकट मिळतात, पण सोलापुरी टॉवेलचे फास सुटतात आणि नेमके गॅसच्या भोकात अडकतात. जुनं धोतर किंवा फ्लॅनेल बरं. भोक बुजलं असेल तर मऊ तांब्याची तार हळूच फिरवा, ड्रिल कधीच लावू नका. त्याने होत नसेल तर रायफल आर्मोररकडे (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे) द्या. सुटलेली घाण खाली बॅरलमध्ये पडते, म्हणून बॅरलची सफाई या सगळ्यानंतर करायची.

नंतर सगळं कोरडं पुसा. पिस्टन, प्लग आणि सिलिंडरला फायरिंगआधी तेल लावायचं नाही. लावलेलं तेल पहिल्या काही गोळ्यांतच जळतं आणि त्याचाच नवा कार्बन होतो, शिवाय आपल्या काळ्या रानातली धूळ त्याला चिकटते ती वेगळीच. रायफल बरेच दिवस ठेवून द्यायची असेल तर अगदी पातळ हात द्या आणि वापरण्याआधी तो पुसून काढा. जोडताना पिस्टन आधी स्प्रिंगशिवाय आत सोडून बघा. रायफल वर-खाली केल्यावर तो स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. अडला तर आत अजून थर आहे. चिंध्या चुलीत जाळू नका, पिशवीत बांधून टाका. हात साबणाने धुवा.

रेग्युलेटरबद्दल मात्र माझा आग्रह आहे. रायफल अडायला लागली की रेग्युलेटर आवळून गॅस वाढवायचा, हा तात्पुरता इलाज रेंजवर ठीक आहे. पण तो सफाईला पर्याय नाही. कार्बन काढल्यावरही तो आकडा तसाच राहिला, तर मोकळ्या झालेल्या वाटेने जादा गॅस येतो, बोल्ट मागे आदळतो आणि सुटे भाग लवकर झिजतात. म्हणून लिहून ठेवलेला आकडा बघा. तो अडचणीच्या वेळी आवळलेला असेल तर आर्मोररकडून पुन्हा बसवून घ्या आणि पुढच्या चांदमारीत खोकी किती जोराने आणि किती लांब पडतात, त्यावर लक्ष ठेवा.