चारही औषधे एकत्रच: औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचा उपचार घरी कसा सांभाळावा

थुंकीच्या तपासणीत रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला दाद न देणारा क्षय निघाला, तर अनेक रुग्णांना आता बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही चार औषधे एकत्र, साधारण २६ आठवडे दिली जातात. १४ वर्षांखालील मुले आणि गरोदर स्त्रिया यांचा उपचार वेगळा असतो.

चार औषधे कशासाठी, हे घरातल्यांनी आधी समजून घ्यावे. क्षयाचे जंतू फुप्फुसात कोट्यवधींनी असतात आणि कोणत्याही एका औषधाला पुरून उरणारे थोडे जंतू त्यांत मुळातच असतात. एकटे औषध दिले की तेवढेच वाचतात आणि वाढतात. दोन-तीन औषधांना एकदमच पुरून उरणारा जंतू मात्र क्वचितच सापडतो. म्हणून मळमळ होते म्हणून एखादीच गोळी गुपचूप वगळणे हे माझ्या मते सगळ्यांत घातक. त्रास झाला तर त्याच दिवशी क्षय उपचार केंद्रावर कळवावे आणि कोणते औषध थांबवायचे ते डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

गोळ्या जेवणासोबत घ्याव्यात, मग ती कळण्याची भाकरी का असेना. बेडाक्विलिन बहुधा पहिले दोन आठवडे रोज आणि पुढे आठवड्यातून तीनच दिवस असते. घोळ होतो तो इथेच, म्हणून ते तीन वार कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवावेत. शेवभाजीने जळजळ झाली म्हणून दुकानातून आम्लपित्ताचे पातळ औषध आणून लगेच पिऊ नये, कारण त्यात बहुधा असणाऱ्या ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियममुळे मॉक्सिफ्लॉक्सासिन अंगी लागत नाही. लोहाच्या गोळीचेही तेच.

लिनेझोलिडवर विशेष लक्ष ठेवावे, कारण ते डोळ्यांना आणि पायांच्या नसांना त्रास देऊ शकते. एक डोळा झाकून दुसऱ्याने कॅलेंडरवरील बारीक तिथी वाचायची, मग डोळा बदलायचा, आणि हे दर आठवड्याला त्याच अंतरावरून करायचे. अक्षरे पुसट दिसू लागली, तळपायांना मुंग्या येऊ लागल्या किंवा पायातली चप्पल निसटलेली कळेनाशी झाली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतात, त्यामुळे ईसीजी चुकवू नये. भोवळ आली किंवा छाती धडधडली तर तातडीने दवाखाना गाठावा.

धडगाव-अक्कलकुव्याकडून ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्याआधीच केंद्रावर सांगून नि-क्षय क्रमांक (सरकारी क्षय-नोंदणीतला रुग्णाचा क्रमांक) आणि उपचाराचे कार्ड सोबत घ्यावे. त्या क्रमांकावर नोंद दुसऱ्या राज्यातील केंद्राकडे वळवता येते आणि औषधे तिथेही मोफतच मिळतात.